हार्टवर्मची (हृदयाजवळच्या जंताची) ट्रीटमेंट चालू आहे, पण कुत्रं तोंडाला काही लावत नाही. उलट्या, पातळ संडास. गोळ्या बंद करू का?

वडगावचा_विणकर | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, दोन रात्री झोप नाही.

आमचा सर्जा, मुधोळ क्रॉस, वय ४ वर्षं, वजन २२ किलो होतं, आता किती राहिलंय देव जाणे. गणपतीच्या आसपास खोकायला लागला, आधी वाटलं हाड अडकलंय. मग पळायला सोडला की शंभर पावलांत खाली बसायचा. मुधोळचं कुत्रं पळता पळता बसतंय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कुणालाही कळेल. डॉक्टरांनी रक्त काढलं, किटवर हार्टवर्मच्या जागी ठिपका उमटला, आणि मग रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन मलाच सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. तांबड्या ठिपक्यांच्या गर्दीत एक बारीक दोरा, आमच्या मागावर तुटलेला रेशमी तार पंख्याच्या वाऱ्याने हलतो ना तसा, वळवळत होता आणि आजूबाजूचे ठिपके ढकलत होता. ते बघून माझ्याच पोटात ढवळलं.

ट्रीटमेंट अशी: डॉक्सीसायक्लिन १०० च्या दोन कॅप्सूल सकाळी, दोन संध्याकाळी, ४ आठवडे. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) कमी कमी करत. महिन्यातून एकदा मानेवर लावायचं मोक्सीडेक्टिनचं औषध. अमेरिकेत ते आर्सेनिकवालं इंजेक्शन देतात म्हणे, इकडे ते मिळत नाही, म्हणून हा हळू मार्ग असं डॉक्टर म्हणाले. आणि पळापळ पूर्ण बंद.

पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवसापासून सकाळी कॅप्सूल दिली की अर्ध्या तासात पिवळा फेस. काल तीनदा उलटी, आज संडास पण पातळ. भाकरी हुंगतो आणि तोंड फिरवतो. आई म्हणते औषध उष्ण पडलंय, बंद कर दोन दिवस. डॉक्टर रविवारी नसतात. दोन दिवस बंद केलं तर चालेल का? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

---

निपाणीची_ताई | शनिवार, रात्री ११:५८

दादा आधी हे सांगा, कॅप्सूल कधी देता आणि कशात घालून देता? जेवण आधी की औषध आधी? आमच्या राणीला गोचीड तापाला हीच डॉक्सी २८ दिवस होती आणि सेम पिवळा फेस, म्हणून विचारते.

---

वडगावचा_विणकर | रविवार, रात्री १२:१०

सकाळी ६ ला, माग चालू करायच्या आधी. उपाशीपोटीच. नुसती घेत नाही, थुंकतो, म्हणून कुंद्यात दाबून देतो. कुंदा दिसला की तोंड उघडतंय 🙂 त्याचं जेवण ९ ला असतं.

---

निपाणीची_ताई | रविवार, रात्री १२:१४

अहो कुंदा!!! 🤦‍♀️ खव्याचा गोळा आणि साखर, तेही उपाशीपोटी, आणि वर डॉक्सी. माणसाला पण उलटी होईल.

दोन गोष्टी झाल्यात बघा. एक, डॉक्सी रिकाम्या पोटी गेली की जळजळ, मळमळ हमखास, ते औषधच तसं आहे. दुसरी, दूध-खवा-दही-पनीर यातल्या कॅल्शियमला ते औषध चिकटतं आणि मग पोटातून रक्तात नीट जात नाही. म्हणजे त्रास पूर्ण आणि गुण कमी. पाकिटावर काही लिहून दिलं नव्हतं का मेडिकलवाल्याने?

---

वडगावचा_विणकर | रविवार, रात्री १२:३१

लिहिलंय. कन्नडमध्ये. मला बोलता येतं, वाचायला अडखळतो, आणि खरं सांगायचं तर बघितलंच नव्हतं. आत्ता पोराला उठवून वाचायला लावलं, त्याला शाळेत आहे. डोळे चोळत म्हणतो, "ऊटा आद मेले". जेवण झाल्यावर. पाच दिवस पाकीट समोर होतं की हो. पोरगं परत झोपलं, मी बसलोय.

---

कंग्राळीचा_गडी | रविवार, सकाळी ७:०५

काय गा, एवढ्या गोळ्या कशाला घालूलायस त्येच्या पोटात? आमच्या मामाच्या कुत्र्याला बी असंच जंत झालतं, लसूण ठेचून भाकरीतनं दिला आठ दिवस, वर जंताची गोळी, झालं मोकळं. डॉक्टर लोक काय, लिहून देतात. बंद कर दोन दिवस, कुत्रं आपोआप जेवतंय बघ.

---

जुना_कंपाउंडर | रविवार, सकाळी ८:२०

गडी, राग मानू नका पण हे कुणी वाचून केलं तर कुत्रं जाईल, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं कंपाउंडर होतो, आता रिटायर.

मामांच्या कुत्र्याला झालेले ते पोटातले जंत. आतड्यात राहतात, गोळीने पडतात, संडासात दिसतात. हार्टवर्म आतड्यात नसतोच. तो हृदयातून फुफ्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतो आणि मादी चांगली फूटभर लांब होते. आपण तीन महिन्यांनी देतो ती नेहमीची जंताची गोळी या मोठ्या जंताला काही करत नाही. आणि लसूण, कांदा कुत्र्याला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आधीच फुफ्फुसाने दमलेल्या कुत्र्याला पंडुरोग करायचा का? उरलेला मटणाचा रस्सा पण याच कारणाने नको, त्यात कांदा-लसूण शिजून उतरलेला असतो.

आता डॉक्सी का देतात. लोकांना वाटतं ताप आहे म्हणून अँटिबायोटिक. तसं नाही. या जंताच्या पोटात वोल्बाकिया नावाचे जीवाणू असतात, त्यांच्याशिवाय जंताचं चालत नाही. डॉक्सी ते जीवाणू मारते, जंत अशक्त होतो, पिल्लं घालणं बंद होतं. शिवाय जंत मरतो तेव्हा हेच जीवाणू रक्तात सुटून फुफ्फुसाला सूज आणतात, ते आधीच कमी केलेले बरे. म्हणून डॉक्सी मनाने बंद करायची नाही. आणि प्रेडनिसोलोन तर अजिबातच एकदम तोडायचं नाही, शरीराला सवय लागलेली असते, ते पायरी पायरीनेच उतरवतात.

विणकर दादा, तुम्हाला म्हणून सांगतो: आज औषध थांबवायचं की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, रविवार असला तरी फोन लावा. दिवसात तीन उलट्या, वर जुलाब आणि खाणं बंद, म्हणजे फोन करण्याजोगं आहे. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय, सलाईन लागेल. हिरड्या पण बघा, ओल्या आणि गुलाबी पाहिजेत.

---

कंग्राळीचा_गडी | रविवार, सकाळी ८:४१

बरं बाबा, लसूण म्हागारी घेतो. मला काय म्हाईत हार्टातला जंत वेगळा असतोय म्हणून.

---

खानापूर_रानवाट | रविवार, सकाळी १०:१५

मी गेल्या वर्षी यातून गेले. आमचं घर रानाच्या कडेला, चार महिने धो धो पाऊस, पुढे भाताची शेतं, मागे पाण्याचे बॅरल, डासांना अजून काय पाहिजे. आमची काळू साधी गावठी, १७ किलो.

मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि पहिला आठवडा वाया गेला ती गोष्ट सांगते: उलटी, खोकला आणि "नुसतं बाहेर येणं" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीला उलटीच म्हणतो.

उलटी असेल तर आधी ओठ चाटतं, लाळ गळते, कोपरा शोधतं, मग पोट आत-बाहेर हलतं दोनचारदा आणि मग पडतं. खोकला असेल तर मान पुढे ताणून, पुढचे पाय फाकवून, ठसके देतं आणि शेवटी खॅक करून पांढरा फेस टाकतं, लोकांना वाटतं उलटी झाली. पोट हललेलं नसतं. आणि तिसरं म्हणजे पोट न हलता, लाळ न गळता, खाल्लेलं तसंच्या तसं, नळीच्या आकारात, मान खाली घातली की घरंगळून येतं. काळूचं हे तिसरं होतं. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसत होती आणि तिथे आतून भाजल्यासारखं झालं होतं, गिळताना कुं कुं करायची आणि मी समजत होते नखरे करते.

उपाय काय तर कॅप्सूलनंतर पाणी. सुई काढलेली सिरिंज मेडिकलमधून आणा, ५-६ एमएल पाणी गालाच्या फटीतून हळूहळू, आणि लगेच चार घास. कॅप्सूल फोडून पावडर टाकू नका, कडू जहर असते, एकदा चव लागली की पुढचे पंधरा दिवस भांडं बघून पळतं. आणि व्हिडिओ काढा. डॉक्टरांना "उलटी होते" सांगण्यापेक्षा वीस सेकंदाचा व्हिडिओ दाखवला की ते लगेच ओळखतात.

---

वडगावचा_विणकर | रविवार, दुपारी १:५०

डॉक्टरांना फोन लागला, भले माणूस, लग्नात होते तरी बोलले. कुंद्याचं ऐकून हसले आणि मग ओरडले. आज आणि उद्या सकाळची डॉक्सी थांबवायला सांगितली, प्रेडनिसोलोन चालू, ते पण जेवणावर. उलटीचं इंजेक्शन असिस्टंटकडून देऊन आणलं. उद्या संध्याकाळपासून परत डॉक्सी पण एका वेळी दोनऐवजी एकच कॅप्सूल, काही दिवस बघून मग ठरवू म्हणाले. म्हणजे आईचं पण राहिलं आणि कंपाउंडर काकांचं पण 🙂

व्हिडिओ काढलाय. पिवळी ती खरंच उलटी आहे, पोट हलतंय. पण रात्री २ ची जी मी उलटी धरली होती तो खोकला आहे बहुतेक, मान ताणून ठसके. वहीत वेगळं लिहायला लागलो.

कातडी लगेच बसली. आता खायला काय घालू?

---

टिळकवाडीची_आज्जी | रविवार, दुपारी ३:३०

बाळा, मी सांगते. माझ्याकडे आजवर पाच कुत्री होऊन गेली, आत्ताचं सहावं.

उलटी थांबल्यावर चार-पाच तास पोटाला विश्रांती. पाणी मात्र तोडू नकोस. त्या स्टिरॉइडने तहान फार लागते, भरलेली बादली ठेवलीस तर ढसाढसा पिऊन लगेच ओकेल, म्हणून वाटीभर, पण दर अर्ध्या तासाला.

मग मऊ भात. कुकरला नेहमीपेक्षा दुप्पट पाणी आणि दोन शिट्ट्या जास्त. कोंबडीचे हाडाशिवायचे तुकडे, कातडी आणि चरबी काढून, नुसत्या पाण्यात उकडायचे. मीठ नाही, हळद-मसाला नाही, फोडणी तर नाहीच. भात दोन वाटे, कोंबडी एक वाटा, वर दोन चमचे उकडलेला लाल भोपळा कुस्करून. भोपळ्याने संडास बांधून येते. दिवसाचं जेवण दोनदा न देता पाचदा दे, मूठ मूठ. आणि कोमट करून दे रे, थंड अन्नाला वास येत नाही, मळमळणारं कुत्रं वासावर जेवतं. भांड्यात नाही खाल्लं तर हातावर घे. माझ्या मोत्याने शेवटचे दोन आठवडे फक्त माझ्या तळव्यावरून खाल्लं, तो वेगळ्या आजाराने गेला, पण असो.

ताक द्यायचं असेल तर पातळ, अर्धी वाटी, पण डॉक्सीच्या वेळेपासून दोन तास लांब.

एक विचारते, आमच्या घरी नातू आहे तीन वर्षांचा, तुझ्या पोस्टनंतर सून घाबरली. कुत्र्याचा हा जंत माणसाला होतो का?

---

जुना_कंपाउंडर | रविवार, संध्याकाळी ५:१०

आज्जी, चाटून, लाळेने, संडासातून अजिबात नाही. कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याला पण थेट जात नाही. मध्ये डास लागतो. डास आजारी कुत्र्याला चावतो, रक्तातली जंताची पिल्लं डासाच्या पोटात दहा-पंधरा दिवस वाढतात, मग पुढच्या कुत्र्याला तो डास चावला की शिरतात. माणसाला क्वचित कधी डासातून शिरला तरी तिथे नीट वाढत नाही. नातवाला मच्छरदाणी लावा, ती डेंग्यूसाठी लावायचीच आहे.

आणि लक्षात घ्या, डास चावल्यापासून मोठा जंत व्हायला सहा-सात महिने लागतात. म्हणजे सर्जाचा जंत या पावसाळ्यातला नाहीच, गेल्या किंवा त्याच्या आधीच्या. जंत पाच-सात वर्षं जगतो. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याचीही टेस्ट करा.

---

सातासमुद्रापारचा_बेळगावकर | रविवार, रात्री ९:४५

मी अमेरिकेत असतो, मूळचा शहापूरचा. दत्तक घेतलेल्या कुत्रीला हार्टवर्म निघाला होता, ते आर्सेनिकवालं इंजेक्शन म्हणजे मेलारसोमिन तिला दिलंय म्हणून लिहितो. इथे पण आधी डॉक्सी महिनाभर, मग महिना थांबून ६०व्या दिवशी पहिलं इंजेक्शन, ९० आणि ९१ व्या दिवशी दुसरं-तिसरं. कंबरेच्या खोल स्नायूत देतात, भयंकर दुखतं, दोन दिवस लाळ गाळत पडून होती, खाणं नाही. सांगायचं काय तर इंजेक्शन मिळालं असतं तरी डॉक्सीचा महिना चुकला नसता. तिला पण उलट्या झाल्याच. आमच्या व्हेटने उलटीची गोळी जेवणाच्या तासभर आधी द्यायला सांगितली होती, त्याने बराच फरक पडला, तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. अर्धं जेवण, मग कॅप्सूल, मग उरलेलं अर्धं, हे पण.

बाकी कुंद्याचं वाचून मात्र जीव कासावीस झाला. इथे मिळत नाही हो.

---

वडगावचा_विणकर | गुरुवार, सकाळी ७:३०

अपडेट. सोमवार संध्याकाळपासून एक-एक कॅप्सूल, अर्ध्या जेवणानंतर, वर सिरिंजने पाणी. उलटी नाही! आज्जींचा भात हातावरून खाल्ला. भोपळा बाजूला काढतो, बोटाएवढा तुकडा पण जिभेने वेगळा करून जमिनीवर ठेवतो, म्हणून आता भातात गाळून घालतो. संडास कालपासून घट्ट. वजन केलं, २०.४ भरलं, दीड किलोच्या वर गेलं, बरगड्या मोजता येतात (मुधोळच्या तशा मोजता येतातच, पण या जास्त).

---

वडगावचा_विणकर | शनिवार, संध्याकाळी ६:२०

मंडळी घोळ झाला. सकाळी संडास काळी, डांबरासारखी, चिकट, वास पण वेगळाच. परत तोंड फिरवायला लागला. काय असेल?

---

जुना_कंपाउंडर | शनिवार, संध्याकाळी ६:२६

आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. डांबरासारखी म्हणजे जठरातून किंवा वरच्या आतड्यातून रक्त असू शकतं, पचून काळं होतं. स्टिरॉइड चालू असताना हे थांबून बघायचं नसतं. घरात कुणी दुसरी काही गोळी दिली का? दुखण्याची वगैरे? विचारा सगळ्यांना.

---

वडगावचा_विणकर | शनिवार, रात्री १०:५५

आलो दवाखान्यातून. तुम्ही विचारलंत म्हणून घरी विचारलं. बाबा. पुढचा पाय जरा लंगडत होता दोन दिवस, तर बाबांनी त्यांच्या गुडघ्याची गोळी अर्धी अर्धी दोनदा दिली, मायेने. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट बघून डोक्याला हात लावला. प्रेडनिसोलोन आणि ही दुखण्याची गोळी एकत्र म्हणजे जठराला जखम ठरलेली, आणि आपल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तशाही कुत्र्याला चालत नाहीत, ब्रुफेन तर नाहीच नाही. बाबा तिथेच बाकावर खाली मान घालून बसले होते, मला राग येऊन पण काही बोलवलं नाही. रात्री सर्जाच त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलाय.

आता अॅसिड कमी करायचं इंजेक्शन दिलंय, आणि सुक्रालफेट सिरप. ते जखमेवर थर धरतं म्हणे. पण डॉक्सीला पण धरतं! म्हणून दोन्हीत अंतर. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंय: सकाळी ८ जेवण आणि डॉक्सी. ११ ला सुक्रालफेट रिकाम्या पोटी. १२ ला भात. संध्याकाळी परत तसंच. खाली लाल पेनने: याशिवाय कुणीही काहीही देणार नाही. बाबांनी त्याखाली सही केली 🙂

---

खानापूर_रानवाट | रविवार, सकाळी ९:००

बाबांना काही बोलू नका. आमच्याकडे मी स्वतः ते गुलाबी अँटासिड पाजलं होतं डॉक्सीबरोबर, पोट थंड व्हायला म्हणून. त्यातल्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमला पण डॉक्सी चिकटते. मला वाटत होतं मी किती काळजी घेते.

आणि आता खाणं सुरू झालं की स्टिरॉइडची भूक लागेल तेव्हा सांभाळा. काळूने कपाटावरची शेंगदाण्याची पिशवी टरफलांसकट संपवली होती. कचऱ्याचा डबा वर ठेवा.

---

निपाणीची_ताई | रविवार, दुपारी १२:२०

दिवाळीचे फटाके, आणि लगेच १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सवाचा डीजे, सर्जाला कुठे ठेवणार? घाबरून पळालं की हृदयावर ताण, आणि मरणारे जंत तुटून फुफ्फुसात अडकतात ते याच दिवसांत ना?

---

जुना_कंपाउंडर | रविवार, दुपारी २:०५

बरोबर बोललात ताई. इंजेक्शनने एकदम मरतात तेव्हा धोका मोठा, हळू मार्गात मरणं महिनोन् महिने चालतं, म्हणून विश्रांती पण लांबते. आतली खोली, खिडकी बंद, पंखा चालू ठेवा आवाजाला आवाज म्हणून. लघवीला पट्ट्यानेच, दारापाशी. मनाने झोपेची गोळी देऊ नका, लागली तर डॉक्टरांकडून.

पोटाच्या नादात हे विसरू नका: खोकल्यात रक्त, धाप, पांढरट हिरड्या, ताप, चक्कर येऊन पडणं, किंवा लघवी एकदम कॉफीसारखी गडद, यातलं काही दिसलं तर रात्रीचे तीन असले तरी उचलून न्या. ते अपचन नव्हे.

---

कंग्राळीचा_गडी | रविवार, दुपारी ४:१५

आमच्या गल्लीत पण डीजे असतोय. कुत्रं घेऊन आमच्या शेतातल्या घरात ये की, तिथं आवाज न्हाई, लाईट हाय, मच्छरदाणी मी बांधतो. लसणाचं पाप फेडायला म्हण.

---

वडगावचा_विणकर | मंगळवार, ४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

गडी, खरंच गेलो होतो की, सगळ्यांना सांगायचं राहिलं. ३१ ला संध्याकाळी रिक्षातून नेला, दोन रात्री राहिलो. मच्छरदाणी खरंच बांधली होती, कुत्र्याला एक आणि मला एक. गडींच्या आईने सर्जासाठी वेगळी बिनमिठाची भाकरी केली आणि मला विचारलं, "ह्येला तोंडी लावायला काय?"

काळी संडास तीन दिवसांत थांबली. आज डॉक्सीचा २३ वा दिवस, पण मधे थांबलो आणि अर्ध्यावर चालू आहे, त्यामुळे पुढे किती दिवस वाढवायचं ते गुरुवारी रक्त तपासून सांगतील. अँटिजेनची (किटवरची) टेस्ट आत्ता करून उपयोग नाही, सहा महिन्यांनी करू म्हणाले. वजन २१.१. खोकला रात्री एखादा, वहीत लिहितोय.

एक शंका राहिली. मोक्सीडेक्टिनचा दुसरा डोस रविवारी आहे. पहिला डोस दवाखान्यात लावून दिवसभर तिथेच ठेवून घेतलं होतं, रक्तातली पिल्लं एकदम मेली तर रिअॅक्शन येते म्हणून. दुसऱ्या वेळी पण थांबवून घेतात का घरी लावला तर चालतो? खानापूरच्या ताई, तुम्ही काय केलं होतं?

---

खानापूर_रानवाट | मंगळवार, रात्री ९:४०

आमच्या डॉक्टरांनी दुसरा घरी लावायला दिला, पण सकाळी लवकर लावा म्हणाले, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असताना होईल. तुमच्या डॉक्टरांना गुरुवारी विचारूनच ठरवा, काळूच्या रक्तात पिल्लं कमी होती. मानेवर केस बाजूला करून कातडीवर लावा, केसांवर नको. आणि वाळेपर्यंत बाबांना मांडीवर घेऊ देऊ नका 🙂